सरकत्या यादीचे रहाटगाडगे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि आम्ही फळ्यावर धड्याचे नाव लिहीत होतो, तोच एक पालकबाई धापा टाकीत वर्गाच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. घर त्यांचे येथेच स्नेहलतागंजात, शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे. पण तेवढ्या अंतरातही त्यांचा पदर भिजून चिंब झाला होता, कारण छत्री घेण्याचे भान त्यांस राहिले नव्हते. हातातील मोबाईल त्यांनी आमच्यापुढे धरला. त्यावर शाळेकडून गेलेला निरोप होता : 'आपली पाल्य आज शाळेत अनुपस्थित आहे.' निरोप सकाळीच आला होता. स्वयंपाकाच्या गडबडीत त्यांनी तो दुपारी पाहिला.

"अहो, मुलगी सकाळी दप्तर घेऊन निघाली. शाळेत नाही, तर मग गेली कोठे?"

आम्ही काही बोलण्यापूर्वीच तिसऱ्या बाकावरून "आई, तू इथे कशी?" असा आवाज आला. त्या बाईंनी दाराची चौकट धरली आणि त्या तेथेच उंबऱ्यावर बसल्या. वर्गातील एक मूल हसले नाही.

त्या दिवशीची हजेरी आम्ही स्वतःच घेतली होती. पटावर ४४ नावे. त्यांपैकी एकच मुलगा, अनुक्रमांक ४ चा, आला नव्हता, आणि त्याच्याच नावापुढे आम्ही फुली केली होती. तरीही अनुपस्थितीचे निरोप चार घरी गेले : अनुक्रमांक ४, १६, २८ आणि ४० ह्यांच्या. चाणाक्ष वाचकांनी हे चार आकडे ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडेल.

ही हजेरी आम्ही कागदी पटावर घेत नाही, मोबाईलवरील एका लहानशा ॲपमध्ये घेतो. ते शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने, अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असता, केवळ शाळेवरील लोभाने करून दिलेले आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. ॲपच्या पोटात काय चालते ह्याचा विचार त्या दिवसापर्यंत आम्ही कधी केला नव्हता. परंतु एका आईला उंबऱ्यावर बसविणारी चूक कोठून आली हे कळल्यावाचून आम्हांस चैन पडेना. म्हणून आम्ही त्या माजी विद्यार्थ्यास बोलावून घेतले, आणि दोन संध्याकाळी त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलो. तेथे जे उमगले ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

मोबाईलवरील यादी म्हणजे काय, असे कोणास विचारले तर तो बहुधा असे सांगेल की, आत एक लांबच लांब कागद आहे, जुन्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखा. मोबाईलची काच ही त्या कागदावरची खिडकी. आपण अंगठ्याने कागद वर ओढतो आणि खिडकीतून त्याचा पुढचा भाग दिसू लागतो. आमचीही समजूत हीच होती. डोळ्यांस तसेच दिसते, आणि तसे दिसावे म्हणूनच सारा खटाटोप केलेला असतो. वस्तुतः असा कागद आत कोठेही नाही. खिडकीत ज्या दहाबारा ओळी दिसतात, तेवढ्याच त्या क्षणी अस्तित्वात असतात. अकराव्या-बाराव्या ओळीच्या पलीकडे काही लिहून ठेवलेले नसते आणि खिडकीच्या वर गेलेली ओळ तर केव्हाच मोडलेली असते.

असे का करावे लागते ते थोड्या अंकगणिताने ध्यानात येईल. समजा, ६०० मुलांची यादी आहे आणि प्रत्येक नावाशेजारी मुलाचे लहानसे छायाचित्र दाखवावयाचे आहे. छायाचित्रात आडवे ४०० व उभे ४०० असे ठिपके धरले, तर ते १,६०,००० झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग स्मरणात ठेवण्यास ४ बाइट लागतात. म्हणजे एका चेहऱ्यास ६,४०,००० बाइट. सहाशे चेहरे एकदम मांडून ठेवावयाचे म्हटले तर अडतीस कोटी चाळीस लाख बाइट अडकून पडतील, आणि त्यांतले पाहणाऱ्यास एका वेळी दिसणार दहा! बारा ओळींपुरतेच मांडले तर शहात्तर लाख ऐंशी हजारांत काम भागते.

जागेइतकीच अडचण वेळेची. मोबाईलच्या पडद्यावरील चित्र सामान्यतः सेकंदास ६० वेळा नव्याने काढले जाते. म्हणजे एकेका चित्रास सुमारे १६·७ मिलिसेकंद मिळतात. नव्या काही फोनांत तर सेकंदास १२० वेळा, म्हणून ८·३ मिलिसेकंदच. अंगठा फिरत असता तेवढ्या अवधीत नवी ओळ तयार झाली नाही, तर यादी दचकते, अडखळते. ओळ उभारणे म्हणजे नावासाठी जागा, चित्रासाठी जागा, फुलीसाठी चौकोन, सर्वांची मापे, सर्वांचे रंग. हे सामान दर वेळी नव्याने जमवावयाचे आणि जुने फेकून द्यावयाचे, ह्यातच सारा वेळ निघून जातो. नाव बदलणे मात्र स्वस्त असते.

येथे जी युक्ती योजतात ती कळण्यास आमच्या वाचकांनी रहाट आठवावा. कोकणातील नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहिरीवर रहाट असे. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा पंपाने घेतली असली, तरी 'रहाटगाडगे' हा शब्द आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. मोठ्या चाकावरून दोराची माळ विहिरीत लोंबते. माळेला गाडगी बांधलेली असतात. बैल फिरू लागला की खालचे गाडगे भरून वर येते, पन्हळीत रिते होते आणि रिकामे होऊन पुन्हा खाली जाते. विहिरीत हजारो गाडग्यांचे पाणी असते; म्हणून कोणी हजार गाडगी बांधीत नाही. माळेपुरती गाडगी पुरतात, कारण तीच ती फिरतात.

सरकती यादी हुबेहूब अशीच चालते. पटावर नावे ४४ असोत की ४४,०००, ओळींच्या पाट्या तेवढ्याच, आमच्या फोनवर १२ : दहा पूर्ण दिसणाऱ्या, आणि वर अर्धी बाहेर गेलेली एक व खाली अर्धी आत आलेली एक. अंगठ्याने यादी वर ढकलली की सर्वांत वरची पाटी खिडकीबाहेर पडते. ॲप तिला टाकून देत नाही. मुकाट्याने उचलून खालच्या टोकाला नेते, पटात पाहून तिच्यावरील १ ल्या मुलाचे नाव बदलून १३ व्याचे लिहिते, आणि ती खालून पुन्हा वर येते. पाहणाऱ्यास वाटते, तेरावी ओळ आली. आली ती पहिलीचीच पाटी. यादी उलट्या दिशेने ओढली तर रहाट उलटा फिरतो, इतकेच.

आता ते चार आकडे. पाट्या १२ असल्या तर चौथ्या मुलाची पाटी पुढे कोणाच्या वाट्यास येईल? चारात बारा मिळवा : सोळा. पुन्हा बारा : अठ्ठावीस. पुन्हा बारा : चाळीस. आमच्या माजी विद्यार्थ्याने आकडे ऐकताच कपाळावर हात मारून घेतला. त्यास पुढे काही सांगावे लागले नाही. रहाटाच्या एका गाडग्याला भोक पडले असले तर दर फेऱ्याला तेच गाडगे गळते. आणि किती गाडग्यांनंतर गळते हे मोजले की माळेत गाडगी किती हे कळते. तसेच येथे झाले होते.

पाटी नव्या मुलाला देताना ॲप काय करीत होते? नाव बदलीत होते, क्रमांक बदलीत होते, आणि मूल अनुपस्थित असल्यास तांबडी फुली काढीत होते. मूल उपस्थित असल्यास काय करावे, ह्याविषयी मात्र त्यास काही सांगितलेले नव्हते. लिहिणाऱ्याने मनात धरले होते की, पाटी कोरीच येते. पाटी कोरी येत नाही. ती आधीच्या मुलाची असते. चौथ्या मुलाची फुली पुसली न जाता सोळाव्या मुलीच्या नावापुढे येऊन बसली. नाव नवे, फुली जुनी.

एवढ्यावर भागले असते तर ती केवळ डोळ्यांची फसगत ठरली असती. पण त्या ॲपमध्ये दुसरीही एक खोट होती, आणि तीच अधिक गंभीर, असे आमचे मत आहे. एखादी ओळ खिडकीबाहेर जाताना तिच्या पाटीवर जे दिसत असेल ते ॲप पटात उतरवून घेत होते. म्हणजे पटावरून पाटी लिहावयाची, हा क्रम सोडून पाटीवरून पट लिहिला जात होता. सोळावी मुलगी समोर बसलेली, पटातही उपस्थित; पण तिच्या पाटीवर दुसऱ्याची फुली राहिली, पाटी वर निघून गेली, आणि जाता जाता पटातील 'उपस्थित' खोडून 'अनुपस्थित' लिहून गेली. तीच गत अठ्ठाविसाव्याची.

चाळिसाव्याचे काय झाले हे सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. यादी शेवटपर्यंत नेली तेव्हा ३५ ते ४४ ह्या दहा ओळी आमच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि ४० क्रमांकापुढे तांबडी फुली स्पष्ट दिसत असली पाहिजे. प्रार्थनेची घंटा होऊन गेली होती, पुढचा तास तोंडावर आला होता. आम्ही चौथ्या ओळीवर फुली केली, यादी भर्रकन खाली नेली आणि 'पाठवा' हे बटण दाबले. आमची नजर बटणावर होती. कागदी पटावर नावामागून नाव पुकारीत जावे लागे, तेव्हा असे होणे शक्य नव्हते.

दुरुस्ती अगदी लहान निघाली. पहिली अशी की, पाटी हाती घेताच अनुपस्थित असल्यास फुली काढावी आणि उपस्थित असल्यास फुली पुसावी. दोन्ही गोष्टी न चुकता सांगाव्या. दुसरी अशी की, शिक्षकाने बोट टेकविले की त्याच क्षणी पटात नोंद व्हावी आणि पटात पाहून मग पाटी रंगवावी. पाटीला विचारून पटात काहीही लिहू नये. ह्या दोन सुधारणांना त्यास अर्धा तास पुरला. असली चूक जगभर अनेकांच्या हातून होते आणि नवशिक्यांस ती हटकून भेटते, असे त्याने सांगितले. सांगताना त्याचे कान तांबडे झाले होते. त्या पालकबाईंच्या घरी तो आपण होऊन गेला, ही गोष्ट येथे नमूद करणे आम्हांस उचित वाटते.

पुढे यादीत मुलांची छायाचित्रे आली, तेव्हा ह्याच रहाटाने आणखी एक चमत्कार दाखविला. यादी वेगाने सरकविली की क्षणभर एखाद्या मुलीच्या नावाशेजारी भलत्याच मुलाचा चेहरा दिसे आणि मग बदले. मुलांना ह्यात मोठी मौज वाटली. कारण असे : नाव पटातून तत्काळ मिळते, पण छायाचित्र दूरच्या संगणकावरून मागवावे लागते आणि ते येण्यास वेळ लागतो. पाचव्याचे छायाचित्र मागविले, ते वाटेत आहे; तोवर पाटी सतराव्याला गेली; छायाचित्र आले ते त्या पाटीवर चिकटले. घर तेच, भाडेकरू बदललेला, आणि टपाल जुन्याचे, असा हा प्रकार. त्याचा उपाय दुहेरी. पाटी बदलताच जुना चेहरा काढून तेथे रिकामी चौकट ठेवावी, आणि छायाचित्र आले की ते ज्याच्यासाठी मागविले तोच अद्याप ह्या पाटीवर आहे काय, हे पाहून मगच लावावे. नसल्यास ते बाजूस ठेवून द्यावे.

ही पाट्या फिरविण्याची युक्ती हजेरीपुरती नाही. मुंबईस आमचे जे आप्त आहेत ते घराबाहेर पडण्यापूर्वी 'एम-इंडिकेटर' उघडून लोकलगाड्यांची यादी पाहतात. हे ॲप सचिन टेके ह्यांनी २०१० साली काढले. दिवसभराच्या गाड्यांच्या ओळी त्यात अंगठ्याखाली झरझर जातात. टपालपेटीतील पत्रे, बँकेतील जमाखर्च, दुकानातील वस्तू, नातलगांचे दूरध्वनी क्रमांक, जेथे जेथे ओळी सरकतात तेथे बहुधा असाच काही रहाट फिरत असतो.

बोटाने ढकलली की आपल्या वेगाने पुढे धावणारी आणि हळूहळू थांबणारी यादी बहुसंख्य लोकांनी प्रथम पाहिली ती ९ जानेवारी २००७ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी आयफोन सभेपुढे मांडला तेव्हा. त्याआधीच्या बटणांच्या फोनांवर एकेक ओळ एकेका दाबाने पुढे जाई. जॉब्ज ह्यांनी २०१० मध्ये एका मुलाखतीत सांगितले की, मूळ प्रयत्न टॅब्लेटसाठी चालला होता. परंतु काचेवर बोटाने सरकणारी यादी पाहताच ह्यातून फोन करता येईल असे त्यांच्या मनात आले. आज कोट्यवधी लोकांच्या खिशात जे यंत्र आहे त्याच्या उगमाशी एक साधी सरकती यादी आहे, हे वाचून आम्हांस नवल वाटले. २००८ साली बाहेरच्या लोकांना आयफोनसाठी ॲप लिहिण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. दोहोंतही ओळींच्या पाट्या पुन्हा वापरण्याची सोय आरंभापासून होती.

२०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ह्या कामाचे नवे साधन काढले, त्याचे नावच 'रीसायकलर व्ह्यू', म्हणजे पुन्हा वापरणारा. हे नाव आम्हां इंदूरकरांस समजावून देण्याची गरज नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या, ओला कचरा निराळा आणि सुका निराळा देणाऱ्या, आणि दिवसास ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा प्रकल्प देवगुराडियास २०२२ मध्ये सुरू झालेल्या गावात पुनर्वापर हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. २०२१ मध्ये त्याच गूगलने आणखी एक साधन प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'लेझी कॉलम', आळशी स्तंभ. आळशी अशासाठी की, ओळ दिसण्याची वेळ येईपर्यंत तो तिच्यासाठी काही करीत नाही. प्रगतिपुस्तकात आम्ही हा शब्द ज्या अर्थाने लिहितो त्याच्या अगदी उलट अर्थाने तो येथे गौरवाचा ठरतो. ही गोष्ट वर्गात सांगू नये असे आमचे एक सहकारी म्हणाले, पण ती आता छापली गेली.

देवनागरीत यादी दाखविताना एक अडचण विशेष येते. रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून पाटीची उंची ठरविली की आपल्या लिपीची कुचंबणा होते. आपल्या शीर्षरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार बसतात आणि अक्षराच्या खाली उकार व ऋकार लोंबतात. आमच्या ॲपच्या पहिल्या आवृत्तीत खालचा भाग कापला जाऊन एका 'पूर्वा'ची 'पर्वा' झाली होती, आणि 'कीर्ती'चा रफार वरच्या वर नाहीसा झाला होता. पाटी उंच करावी तर एका वेळी दिसणाऱ्या ओळी कमी होतात. लांब आडनावाची मुले दोन ओळी अडवितात, मग पाट्यांची उंची सारखी राहत नाही. ती सारखी नसली की यादी एकूण किती लांब आहे हे ॲपलाही नक्की कळत नाही, कारण पुढच्या पाट्या अजून लिहिलेल्याच नसतात! ते पाहिलेल्या ओळींवरून सरासरीने अंदाज बांधते. यादीच्या कडेला जी बारीक रेघ खालीवर होते ती मध्येच आखूड होते किंवा उडी मारते, त्याचे एक कारण हे. आम्ही ह्याला इतके दिवस फोनाचा बिघाड समजत होतो.

अशा रीतीने ती चूक सापडली, दुरुस्त झाली, आणि श्रावणापासून हजेरी पुन्हा त्याच ॲपमध्ये घेतली जाऊ लागली. बदल एवढाच केला की, 'पाठवा' दाबण्यापूर्वी पटातून निघालेली अनुपस्थित मुलांची नावे आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवितो. अनुक्रमांक १६ ची मुलगी, तिचे नाव त्यात नसले तरी, वाचन संपताच तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाजात "हजर!" म्हणते. आम्ही तिला अजून एकदाही गप्प केलेले नाही.